तीन थाऊ खोल

रायफल रिकामी आहे ना, हे त्याने तीनदा तपासलं. मग बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग, बंद केला आणि नळीच्या तोंडातून एक सरळ लाकडी काठी हळूच आत सरकवली. ती बोल्टला टेकली तशी नळीच्या टोकाशी पेन्सिलीने खूण केली, काठी बाहेर काढली आणि टेप लावला. सोळा इंच आणि वर थोडं. "सुटलो," तो म्हणाला.

हा माझा जुना मित्र. बरीच वर्षं अमेरिकेत आहे, नेमबाजी करतो आणि गेल्या काही वर्षांपासून स्वतःच्या रायफली स्वतः जोडतो. मी बंदुकीतला माणूस नाही. लेथ आणि मिलिंग मशीनवर हात काळे केलेला माणूस आहे, त्यामुळे त्याच्या गॅरेजमधल्या टेबलाशी मला लगेच ओळख पटली. व्हाइस, टॉर्क रेंच, फीलर गेज, तेलाचा डबा. ओळखीचं नव्हतं ते फक्त भिंतीवर चिकटवलेलं पान. त्यावर त्याने काय किती लांब हवं, काय बसवायचं नाही, कुठल्या राज्यात काय न्यायचं नाही, हे बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. रायफलच्या आराखड्यापेक्षा ते पान मोठं होतं.

त्याच्या त्या "सुटलो"ला अर्थ आहे. अमेरिकेत रायफलची नळी सोळा इंचांपेक्षा आखूड असली किंवा सबंध लांबी सव्वीस इंचांच्या आत आली, तर ती १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टखाली जाते. आधी नोंदणी न करता तशी रायफल बनवली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. पाव इंचाने माणूस गुन्हेगार ठरतो. हे कलम कायद्यात आलं कसं, तेही ऐकण्यासारखं आहे. १९३४च्या मूळ विधेयकात पिस्तुलंसुद्धा होती. पिस्तुलावर बंधन आलं की लोक रायफल कापून तिचंच पिस्तूल करतील, म्हणून आखूड नळीचं कलम घातलं. पुढे पिस्तुलं विधेयकातून वगळली गेली आणि कलम राहून गेलं. घर पाडलं तरी दाराला कुलूप आहेच, असा हा प्रकार. नोंदणीसोबत २०० डॉलर कर असायचा. तो १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला. नोंदणी मात्र अजून लागते.

अशा कायद्यांखाली हा छंद जगतो. आणि मला म्हणायचं आहे ते असं: छंदी माणसाला रायफल जोडू द्यावी, पण बंदुकीवर कोरायचा ओळख क्रमांक आधी आणि रायफल नंतर. क्रमांकाच्या बाबतीत त्याची कुठलीही सबब ऐकू नये. बाकीच्या ज्या असंख्य अटींनी त्याचं डोकं खाल्लं जातं, त्यातल्या बऱ्याच अटींबद्दल तो कुरकुर करतो तेव्हा मात्र तो बरोबर असतो. हे दोन्ही एकत्र म्हणणारा माणूस दोन्ही गटांना नकोसा होतो, याची मला कल्पना आहे.

आधी छंद काय आहे ते पाहू, कारण आपल्याकडे "घरी बंदूक बनवली" म्हटलं की डोळ्यासमोर गावठी कट्टा येतो. तिकडे बहुतेक वेळा हे काम बनवण्याचं नसतं, जोडण्याचं असतं. युजीन स्टोनर यांनी १९५०च्या दशकात आर्मालाइट कंपनीत असताना जी रचना केली, ती एआर-१५ या नावाने घराघरात पोचली. एआर म्हणजे आर्मालाइट रायफल. या रचनेत भाग एकमेकांत अदलाबदल होऊ शकतात. खालचा सांगाडा, ज्याला लोअर म्हणतात, तो एका कंपनीचा, वरचा अप्पर दुसरीचा, नळी तिसरीची, चाप चौथीचा. लोअर घेताना परवानाधारक विक्रेत्याकडे जावं लागतं, फॉर्म भरावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते. बाकी सगळं बहुतेक राज्यांत टपालाने येतं. मग टेबलावर बसायचं. एक इवलीशी स्प्रिंग असते, ती पिन बसवताना हमखास उडते, आणि पुढचा अर्धा तास माणूस टॉर्च घेऊन जमिनीवर रांगतो. मित्राने त्यासाठी एक जास्तीची स्प्रिंग आधीच घेऊन ठेवली होती. तीही उडाली.

मजा कशात आहे, हे मला समजावून सांगावं लागलं नाही. स्वतः बसवलेल्या नळीतून शंभर यार्डांवर पाच गोळ्या एका इंचाच्या आत बसल्या, की ज्याने आयुष्यात एकदा तरी शाफ्टला बेअरिंग नीट बसवलं आहे त्याला तो आनंद कळतो. हा माणसाच्या हातांचा जुना छंद आहे. घड्याळ, रेडिओ, मोटारसायकलचं इंजिन यांच्यासारखाच. फरक एवढाच की घड्याळ बिघडलं तर वेळ चुकते.

आता प्रश्न असा, की या सुट्या भागांच्या ढिगात "बंदूक" नेमकी कुठली? कायद्याला कुठेतरी बोट ठेवावंच लागतं. अमेरिकेने १९६८च्या गन कंट्रोल अॅक्टखाली रिसीव्हरवर बोट ठेवलं, म्हणजे ज्यात बाकीची यंत्रणा बसते तो सांगाडा. नियमातली जुनी व्याख्या म्हणायची, की ज्या भागात घोडा, बोल्ट आणि चापाची यंत्रणा सामावते तो रिसीव्हर. पण एआर-१५ मध्ये घोडा आणि चाप लोअरमध्ये असतात आणि बोल्ट अप्परमध्ये. व्याख्येत बसणारा एकही भाग त्या रायफलीत नाही! अनेक दशकं सगळ्यांनी लोअरलाच रिसीव्हर मानलं आणि गाडा चालू राहिला. मग २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका संघीय न्यायालयात आरोपीच्या वकिलाने व्याख्या वाचून दाखवली आणि खटला टिकला नाही. २०१९ मध्ये ओहायोतही तसंच झालं. देशातल्या सर्वांत लोकप्रिय रायफलची कायद्यातली व्याख्याच तिला लागू पडत नाही, हे कोर्टात उघडं पडायला पन्नास वर्षं लागली.

२०२२ मध्ये व्याख्या दुरुस्त झाली. त्याच नियमाने दुसरा, जास्त महत्त्वाचा मुद्दा हातात घेतला: अर्धवट सांगाड्यांचा. बाजारात "ऐंशी टक्के" म्हणून ओळखले जाणारे सांगाडे मिळायचे. ते पूर्ण झालेले नसल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने ते धातूचे किंवा प्लॅस्टिकचे तुकडे होते. त्यावर क्रमांक नाही, विकताना तपासणी नाही, नोंद नाही. घरी उरलेलं काम करायचं. अर्धवट पिस्तुलाचं तर सगळ्या भागांसकट किटच मिळायचं. नवा नियम म्हणाला, की जी वस्तू सहज बंदूक होऊ शकते ती बंदुकीसारखीच विकायची: क्रमांक टाकून आणि तपासणी करून.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुनावणीच्या वेळी न्यायमूर्ती अलिटो यांनी विचारलं, की अंडी, हॅम, मिरची आणि कांदा ओट्यावर मांडला तर ते ऑम्लेट झालं का? प्रश्न गमतीचा वाटतो, पण वादाचं मर्म त्यात आलं होतं. २६ मार्च २०२५ला सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला. न्यायमूर्ती गॉरसच यांनी निकालपत्रात लिहिलं त्याचा आशय असा, की दुकानातून सुट्या भागांत आणलेल्या टेबलालाही माणूस टेबलच म्हणतो, जोडायचं काम बाकी असलं तरी; आणि लेखिका मित्राला अपुरं हस्तलिखित वाचायला देते तेव्हाही "माझी कादंबरी वाच" असंच म्हणते. काही किट आणि काही अर्धवट सांगाडे कायद्याच्या व्याख्येत नक्कीच बसतात, त्यामुळे नियम मुळातूनच बेकायदा आहे असं म्हणता येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. मला हा निकाल पटतो, आणि त्याचं कारण भाषेच्या तर्कापेक्षा त्याच निकालपत्रातल्या दोन आकड्यांमध्ये जास्त आहे. पोलिसांनी माग काढण्यासाठी केंद्राकडे पाठवलेल्या बिनक्रमांकी बंदुका २०१७ मध्ये सुमारे १,६०० होत्या; २०२१ मध्ये त्या १९,०००च्या वर गेल्या.

यावर छंदी मंडळींचं म्हणणं असं असतं, की यातला आमचा वाटा किती? बहुतेकांचा काहीच नाही. पण ज्या वाटेने ते गेले त्याच वाटेने आणखी कोण गेलं ते पाहायला हवं. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकात पाच जणांना मारणाऱ्या तरुणाने काही वर्षांपूर्वी रीतसर बंदूक घ्यायचा प्रयत्न केला होता. सरकारने त्याला अपात्र ठरवून नकार कळवला होता. त्याने रायफल घरी जोडली. २०१७ मध्ये त्याच राज्यातल्या रँचो तेहामा इथे पाच जणांना ठार मारणाऱ्यावर कोर्टाचा मनाई हुकूम होता, त्याला शस्त्र बाळगायलाच बंदी होती. त्याच्या रायफलीही घरी जोडलेल्या. या दोघांनी कुलूप फोडलं नाही. कुलूप नसलेलं दार होतं, ते उघडून आत गेले. ते दार छंदवाल्यांच्या सोयीसाठी उघडं होतं.

म्हणून "गुन्हेगार थोडाच स्वतःहून क्रमांक कोरणार आहे?" हा युक्तिवाद मला पोकळ वाटतो. अर्थात नाही कोरणार. क्रमांक त्याने कोरायचा नसतोच. सांगाडा विकणाऱ्याने विकण्याआधी कोरायचा असतो आणि घेणाऱ्याची तपासणी करायची असते. ज्याला दुकानात नकार मिळाला त्याला टपालातही नकार मिळावा, एवढंच. कोणी लोखंडाचा ठोकळा घेऊन शून्यापासून सुरू करेल किंवा थ्रीडी प्रिंटरवर छापेल, हे खरं आहे. २०१३ मध्ये प्रिंटरवर छापता येणाऱ्या पहिल्या पिस्तुलाचा आराखडा इंटरनेटवर आला तेव्हापासून ती शक्यता आहेच. कायदा ती पुसू शकत नाही. पण ज्या कामाला कौशल्य, वेळ आणि चिकाटी लागते, ते काम रागाच्या भरात आठवड्याभरात होत नाही. आडकाठी छोटी असली तरी ती माणसं गाळते. आम्ही वर्कशॉपवाले हे पक्कं जाणतो, की अवघड जॉब अर्ध्यावर सोडणारेच जास्त.

क्रमांकाबद्दल आणखी एक. अमेरिकेत कारखान्यांसाठी नियम आहे, की क्रमांक किमान ०.००३ इंच खोल आणि अक्षरं किमान एक सोळांश इंच उंच असली पाहिजेत. इंचाचा हजारावा भाग म्हणजे आमच्या भाषेत एक थाऊ. म्हणजे तीन थाऊ. माणसाच्या केसाच्या जाडीएवढं. जो कारागीर नळीचं मोजमाप थाऊमध्ये करतो, हेडस्पेसच्या, म्हणजे बोल्ट आणि काडतूस टेकतं ती जागा यांतल्या अंतराच्या, एक-दोन थाऊंसाठी रात्र घालवतो, त्याला तीन थाऊंचा ओरखडा स्वातंत्र्यावरचा घाला वाटतो, हे मला चमत्कारिक वाटतं. मी मित्राला हे बोललो तेव्हा तो चिडला. "प्रश्न खोलीचा नाही रे," तो म्हणाला, "प्रश्न वही कोणाकडे आहे याचा आहे."

त्याच्या रागात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. क्रमांक एकटा काही करत नाही. कुठेतरी वही असते. आणि कायदा बदलून मालकांकडून शस्त्रं परत घेतली गेल्याची उदाहरणं आहेत. टास्मानियातल्या पोर्ट आर्थरमध्ये २८ एप्रिल १९९६ला पस्तीस माणसं मारली गेली, त्यानंतर ऑस्ट्रेलियाने सरकारी खरेदी करून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका गोळा केल्या. ब्रिटनने डनब्लेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर १९९७ मध्ये पिस्तुलं काढून घेतली. न्यूझीलंडने क्राइस्टचर्चमध्ये १५ मार्च २०१९ला एक्कावन्न माणसं मेल्यावर महिन्याभरात बहुतेक अर्धस्वयंचलित (चाप ओढला की एक गोळी सुटून पुढची आपोआप भरली जाते अशा) रायफलींवर बंदी आणली. या तिन्ही ठिकाणी कायदा पाळणाऱ्यांनीच मालकीच्या वस्तू दिल्या. त्या निर्णयांना माझा विरोध नाही. पण "वही कधी वापरली जाणारच नाही" असं छंदी माणसाला सांगणं म्हणजे त्याला मूर्ख समजणं होय.

मग वही कोणाकडे असावी? माझं उत्तर साधं आहे: दुकानातून घेतलेल्या रायफलची नोंद जिथे असते तिथेच, तशीच. अमेरिकेत केंद्राची एकत्र नोंदवही नाही, १९८६च्या कायद्याने ती मनाईच केली आहे. गुन्ह्यात बंदूक सापडली की कारखान्याकडून वितरकाकडे, वितरकाकडून दुकानदाराच्या कागदांकडे असा माग काढतात. पद्धत वेळखाऊ आहे, पण ती त्यांनी समजून उमजून निवडली आहे. घरी जोडलेली रायफलही त्याच साखळीत यावी. जास्त नको आणि कमी नको. दुकानातली रायफल नोंदवलेली असताना शेजारच्या टेबलावर जोडलेली तशीच रायफल अदृश्य असावी, या मागणीला छंदात कुठलाही आधार नाही.

उलट या कारागिरीचा इतिहास खुणांचाच आहे. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३च्या कायद्याने उभं राहिलं. तिथे नव्या बंदुकीतून नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून बघतात. नळी टिकली तर तिच्यावर ठसा मारतात, फाटली तर ती तिथेच फाटते, कोणाच्या गालाशी नाही. ब्रिटनमध्ये ठशाशिवाय बंदूक विकणं गुन्हा आहे. चांगला बंदूककार त्या ठशाची लाज बाळगत नसे. स्वतःचं नावही शेजारी कोरत असे. हस्तकौशल्याचा अभिमान आणि वस्तूवरची सरकारी खूण यांत भांडण आहे ही कल्पना अलीकडची आहे, आणि मला तिच्यात कारागिरीपेक्षा राजकारण जास्त दिसतं. अमेरिकेत अशी सक्तीची प्रूफ चाचणी नाही. खरं तर घरी नळी बसवणाऱ्याला तिची गरज कारखान्यापेक्षा जास्त आहे, पण तो विषय वेगळा.

आता दुसरी बाजू, जिथे मी मित्राच्या बाजूने आहे.

१९९४ ते २००४ या काळात अमेरिकेत एक संघीय बंदी होती. बदलता येणाऱ्या मॅगझिनची (गोळ्यांच्या पेटीची) अर्धस्वयंचलित रायफल, आणि तिच्यावर ठरावीक पाचपैकी दोन गोष्टी असल्या, तर ती बंद. त्या पाचांत संगीन बसवायची जागा होती. संगीन! त्या दशकात कोणत्या शहरात कोणी संगिनीने हल्ले करत होतं, मला माहीत नाही. कारखान्यांनी ती जागा घासून टाकली आणि तीच रायफल विकत राहिले. कॅलिफोर्नियात आजही पिस्तुलासारखी मूठ, सरकणारा दस्ता, ज्वाला झाकणारं टोक अशी यादी आहे. मग मुठीला माशाच्या परासारखी पट्टी जोडतात, म्हणजे अंगठा मागून फिरवून धरता येत नाही आणि रायफल कायदेशीर ठरते. मॅगझिन बोटाने काढता येत असेल तर बेकायदा, म्हणून गोळीच्या टोकाने दाबायचं बटण आलं. २०१६ मध्ये तीही पळवाट बंद झाली, मग दुसरी निघाली. परदेशी बनावटीच्या काही रायफलींसाठी नियम असा, की ठरवून दिलेल्या वीस भागांपैकी दहापेक्षा जास्त भाग आयात केलेले नकोत. म्हणजे माणूस टेबलावर भाग मोजत बसतो: ट्रिगर देशी, घोडा देशी, दस्ता देशी, बसलं एकदाचं. सुरक्षेशी याचा काडीचाही संबंध मला सापडला नाही.

अशा नियमांचं खरं नुकसान वेगळं आहे. ते छंदी माणसाला कायदा पाळायला शिकवत नाहीत, कायद्याच्या कडेने चालायला शिकवतात. "यात काय चालत नाही?" या प्रश्नाची जागा "यातून कसं निघायचं?" हा प्रश्न घेतो. पराची मूठ बसवणारा आणि क्रमांक टाळण्यासाठी ऐंशी टक्क्यांचा सांगाडा घेणारा, दोघेही आपल्याला "नियमात बसणारे" म्हणतात. दोघांच्या कृतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने एका निरर्थक नियमाला निरर्थक उत्तर दिलं. दुसऱ्याने, हेतू कितीही निर्मळ असो, शेजाऱ्यांची एक खरीखुरी सुरक्षा चुकवली. पण कायद्याने दोन्ही नियम एकाच सुरात सांगितले, तर माणसाला फरक कसा कळावा?

त्यात नियमच बदलत राहतात. पिस्तुलाला लावायचा, खांद्याऐवजी मनगटाला आधार देणारा एक पट्टा निघाला. २०१२ मध्ये सरकारी खात्याने पत्र लिहून तो चालेल म्हटलं. लोकांनी तो लाखोंनी घेतला. जानेवारी २०२३ मध्ये त्याच खात्याने नियम काढला, की असा पट्टा लावलेली बरीच पिस्तुलं म्हणजे आखूड रायफली, नोंदणी करा. जून २०२४ मध्ये टेक्ससच्या संघीय न्यायालयाने तो नियम रद्द केला. वस्तू तीच, कपाट तेच. मालक आधी निर्दोष, मग गुन्हेगार होता होता राहिला, मग पुन्हा निर्दोष. मित्राच्या भिंतीवरच्या पानावर या जागी तीन वेळा खाडाखोड होती.

आणि हे एका देशातलं झालं. राज्याची हद्द ओलांडली की पान बदलतं. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन एका राज्यात कोणी विचारणार नाही असं, दुसऱ्यात गुन्हा. प्रवासात रायफल रिकामी आणि हाताला येणार नाही अशी बंद करून नेली तर १९८६च्या कायद्याचं संरक्षण मिळतं, पण ते दोन्ही टोकांना ती रायफल कायदेशीर असेल तरच. देश बदलला तर सगळंच वेगळं. ब्रिटनमध्ये एकट्या सांगाड्यावर थांबत नाहीत. नळी आणि बोल्टही परवान्याखाली येतात, जे यांत्रिक दृष्ट्या मला जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण दाब तेच भाग सोसतात. स्वित्झर्लंड, जिथे बंदुका घरोघर आहेत असं आपण ऐकतो, तिथेही धंदा नसलेल्याने हत्यार बनवणं निषिद्ध आहे, कँटनने (तिथल्या प्रांताने) खास सूट दिली तर गोष्ट निराळी. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय बंदूक बनवणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप आहे. छंद आणि धंदा असा भेद ते कलम करत नाही. तेव्हा हे वाचून कोणाचे हात शिवशिवले असतील, तर ते लेथवर दुसऱ्या कशासाठी तरी वापरावेत.

आपल्यातल्या अनेकांची पहिली प्रतिक्रिया अर्थातच "मग सगळीकडे बंदीच का नको?" अशी असेल. ज्या समाजांनी ती आधीपासून ठेवली, त्यांच्याकडे बंदुकीने मरणारे कमी आहेत, हे मी नाकारत नाही. पण जिथे कोट्यवधी रायफली घरांत आहेत आणि त्या जोडायची परंपरा कायदेशीर आहे, तिथे बंदीची भाषा म्हणजे क्रमांकाचा प्रश्न आणखी वीस वर्षं लांबवणं. आणि बंदी म्हणजे सगळं संपलं असंही नाही. जपानमध्ये कायदे अत्यंत कडक आहेत. तरी ८ जुलै २०२२ला नारा शहरात शिंझो आबे यांच्यावर जी बंदूक झाडली गेली ती घरी बनवलेली होती. त्यानंतर जपानने २०२४ मध्ये कायदा बदलून बंदुका बनवण्याची चिथावणी देणाऱ्या ऑनलाइन मजकुरावरही हात टाकला.

कायदा करणाऱ्यांकडून माझी अपेक्षा कॅलिफोर्नियाच्याच एका नियमातून येते, त्याच राज्याच्या, ज्याच्या मुठींवर मी वर हसलो. १ जुलै २०१८ पासून तिथे घरी बंदूक बनवायची असेल तर आधी राज्याच्या न्याय खात्याकडे क्रमांकासाठी अर्ज करावा लागतो. खातं माणूस पात्र आहे का बघतं, क्रमांक देतं, मग काम सुरू. हा क्रम मला योग्य वाटतो: आधी माणूस, मग क्रमांक, मग धातू. फक्त त्याला दोन गोष्टी जोडायला हव्यात. अर्जाचं उत्तर ठरलेल्या मुदतीत आलं पाहिजे, नाहीतर परवानगीचं नाव घेऊन नकार दिल्यासारखं होतं. आणि माणसाने "ही जोडणी चालेल का?" असं लेखी विचारलं तर लेखी उत्तर मिळावं, ज्यावर नंतर तेच खातं उलटणार नाही. इमारतीचा नकाशा मंजूर करणारी कचेरी हे करू शकते, तर शस्त्रांची का नाही? हे दिलं तर मुठी आणि पट्ट्यांच्या याद्या आपोआप छोट्या होतील, कारण प्रत्येक ओळ कोणालातरी सही करून समजावून सांगावी लागेल.

संध्याकाळी मित्राने कपाट उघडलं. दुकानातून घेतलेल्या लोअरवर जोडलेल्या दोन रायफली, क्रमांक असलेल्या, आणि तिसरी, जी त्याने बऱ्याच वर्षांपूर्वी अर्धवट सांगाड्यापासून पूर्ण केली होती. तेव्हा त्याच्या राज्यात ते चालत होतं. काम सुरेख आहे. आत कोरलेल्या खाचांच्या कडा मी बोटाने तपासल्या, कापल्यावर राहणारा खरखरीत काठ कुठेही नाही. पण जिथे क्रमांक असतो तिथे गुळगुळीत काळी जागा आहे. ही रायफल तो विकायला धजत नाही. बंदूककाराकडे दुरुस्तीला दिली आणि तिथे रात्रभर राहिली, तर २०२२च्या नियमाप्रमाणे त्याला तिच्यावर क्रमांक कोरूनच परत द्यावी लागेल. राज्य बदललं तर सोबत नेता येईल का, याचं उत्तर त्याच्या पानावर नाही. मुलीला नेमबाजीची आवड लागली आहे, तिला कुठली देणार, असं मी विचारलं. त्याने त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला, तिसरी परत आत ठेवली आणि पहिली बाहेर काढली.